इंटर्नच्या खिशातला मोबाईल

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

वैद्यकीय विद्यार्थी पेशंटसमोरही मोबाईलमध्येच डोकं घालून असतात, म्हणून त्यांचे मोबाईल वॉर्डाच्या दारातच जमा करून घ्यावेत, अशी मागणी करणारं एका ज्येष्ठ डॉक्टरांचं पत्र आपण मागे छापलं होतं. मी ते दोनदा वाचलं, कात्रण ड्यूटी रूममध्ये नेलं आणि आमच्याकडे पोस्टिंगला असलेल्या इंटर्न मुलांनाही वाचायला दिलं. डॉक्टरसाहेबांचा संताप मला कळतो. त्यांनी लिहिलंय त्यातलं बरंचसं मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे. पण मोबाईल काढून घेतल्याने ते थांबणार नाही, आणि आमच्यासारख्या आडगावच्या दवाखान्यात तर त्याने नुकसानच होईल. म्हणून हे पत्र.

मी २६ वर्षं परिचारिका आहे. त्यातली १८ यवतमाळ जिल्ह्यात, तेलंगणाच्या सीमेकडच्या गावांत गेली. सध्या ३० खाटांच्या एका ग्रामीण रुग्णालयात परिसेविका, म्हणजे वॉर्डाची प्रमुख सिस्टर आहे. आमच्याकडे मेडिकल कॉलेजची मुलं इंटर्नशिपच्या ग्रामीण पोस्टिंगला येतात, बॉण्डवरचे नवे डॉक्टर येतात, नर्सिंगच्या मुली येतात. त्यांना शिकवणं माझ्या कामाच्या यादीत कुठे लिहिलेलं नाही. पण रात्री अडीच वाजता नवं पोरगं पेशंटपुढे गोंधळून उभं राहतं, तेव्हा त्याच्या शेजारी सिस्टरच असते.

गेल्या श्रावणातली एक रात्र सांगते. लाइट गेलेली, इन्व्हर्टरवर एकच ट्यूब, बाहेर धो धो पाऊस. पहाटे चारच्या सुमारास एका कोलाम पोडावरून, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवरून, नऊ वर्षांचा मुलगा आणला. मोटारसायकलवर बाप पुढे, मुलगा मध्ये, आई मागे, तिघांच्या डोक्यावर खताच्या पोत्याच्या खोळी. आई म्हणाली, "बाई, याचं पोट लय दुखून राह्यलं. दोनदा ओकला. वावगं काई खाल्लं नाई जी." इंटर्नने पोट तपासलं, ते मऊ होतं. ताप नव्हता. त्याने केसपेपरवर ॲसिडिटीचं आणि उलटीचं इंजेक्शन लिहायला घेतलं. त्यात त्याची चूक नव्हती. पोट दुखतंय, उलट्या होतायत, पावसाळा आहे, कुणीही तेच लिहिलं असतं.

मी मुलाकडे पाहत होते. तो आईकडे बघताना हनुवटी वर करून बघत होता. मान मागे टाकल्याशिवाय त्याला समोरचं दिसत नव्हतं, कारण पापण्या अर्ध्यावर येऊन थांबल्या होत्या. मी आईला विचारलं, पोरगा झोपला कुठे होता? "खालीच जी, आमी सारेच खाली झोपतो." मी इंटर्नला म्हटलं, डॉक्टर, याच्या पापण्या बघा.

तो इंटर्न मुंबईकडचा. मण्यार हा विषारी साप त्याने पुस्तकात चार ओळींत वाचलेली. त्याने खिशातून मोबाईल काढला. रेंज नव्हती, टॉवर संध्याकाळपासूनच बंद होता. पण पोस्टिंगला येण्याआधी त्याने सर्पदंशाच्या सरकारी मार्गदर्शक सूचना उतरवून ठेवल्या होत्या. त्याने मला मोठ्याने वाचून दाखवलं: मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, दंश दुखत नाही, सूज येत नाही, खूणही बहुतेकदा सापडत नाही, पहाटे पोटात दुखतं, मग पापण्या मिटू लागतात. मोबाईलच्याच टॉर्चने आम्ही मुलाचं अंग तसूतसू पाहिलं. खूण सापडली नाही. इंटर्नने त्याला उशीवरून मान उचलायला सांगितली, ती जेमतेम उचलली. मग एका दमात आकडे म्हणायला सांगितले. पहिल्यांदा मुलगा ११ पर्यंत गेला. मी सापाच्या विषावरच्या औषधाच्या, म्हणजे एएसव्हीच्या व्हायल (कुप्या) फोडत होते तोवर पुन्हा मोजायला लावलं, तर ७ वर दम संपला.

तेवढ्यात इंटर्न अडला. लहान मूल आहे, एएसव्ही निम्मी द्यायची का? ही चूक मी पूर्वी होताना पाहिलेली आहे. त्याने पुन्हा मोबाईल पाहिला. डोस लहानांना आणि मोठ्यांना सारखाच, कारण साप समोरच्याचं वजन बघून विष सोडत नाही. १० व्हायल सलाईनमधून, तासाभरात, शेजारी रिॲक्शन आली तर म्हणून ॲड्रिनलिन भरून ठेवायचं. एमओ (वैद्यकीय अधिकारी) मॅडम क्वार्टरमधून भिजत आल्या तेव्हा सलाईन लागलेलं होतं. सकाळी १०८ मधून यवतमाळला जाताना मुलाचा श्वास मंदावला, तर याच इंटर्नने वाटभर ॲम्बू बॅग, म्हणजे हाताने श्वास देण्याची पिशवी, दाबली. मुलगा दहाव्या दिवशी पोडावर परत आला, चालत.

आता सांगा, त्या रात्री मोबाईल वॉर्डाच्या दारातल्या कपाटात कुलूपबंद असता तर? जाड पुस्तक पहाटे चार वाजता कुणी शोधलं असतं? आणि हेही तितकंच खरं की मुलाची हनुवटी वर गेलेली मोबाईलमध्ये दिसली नसती. आधी पेशंट, मग मोबाईल, आणि मग पुन्हा पेशंट. हा क्रम पोरांना आम्ही शिकवायचा आहे. तो न शिकवता नुसता फोन काढून घेतला, तर मुलं बाथरूममध्ये जाऊन फोन बघतील. आजही बघतात.

डॉक्टरसाहेबांच्या संतापाबद्दल मात्र मी हात जोडून सहमत आहे. तीनेक वर्षांपूर्वी एक बाई ओपीडीत आली. अंगावरून पांढरं जात होतं, वर्षभर सोसलेलं. सासूला न सांगता, बाजाराच्या दिवसाचं निमित्त करून आली होती. समोर तरुण डॉक्टर, तरी धीर करून बोलली. तो मान खाली घालून मोबाईलमध्ये. बाहेर येऊन ती माझ्यापाशी रडली. "थो डॉक्टर मोबाईलातच पाहून राह्यला. मी सांगतलं ते त्याले ऐकू तरी आलं का?" मी आत जाऊन विचारलं. तो बिचारा तिच्याच औषधाचा डोस बघत होता! अंगावर पाजणारी होती ना ती, बाळाला चालेल का, हे तपासत होता. काम बरोबर केलं, पण बाईला ते कळलं नाही. तिने चिठ्ठी तिथेच बाकावर ठेवली आणि गेली. पुन्हा आली नाही.

तेव्हापासून आमच्या वॉर्डात रीत आहे. मोबाईल काढण्याआधी पेशंटच्या तोंडाकडे बघून सांगायचं, "तुमच्या औषधाचंच पाहतो जी, दोन मिनिटं." आणि शक्य असेल तर स्क्रीन त्यांच्याकडे वळवायची. चित्र असेल तर दाखवायचं. म्हातारी माणसं कौतुकाने बघतात, प्रश्न विचारतात. इन्सुलिन पोटावर कुठे टोचायचं हे मी कितीदा तोंडाने सांगितलं असेल. एका आजीने स्क्रीनवरचं चित्र बघून आपल्या पोटावर बोट ठेवलं आणि बरोबर जागा दाखवली.

फोटोचा विषय याहून गंभीर आहे आणि त्यात मी कुणाला सूट देणार नाही. मी आधी ज्या ठिकाणी होते तिथे विष घेतलेली एक मुलगी आली होती. शिकण्यासाठी म्हणून कुणीतरी तिच्या बाहुल्यांचा, म्हणजे डोळ्यांचा फोटो काढला. पण फोटोत अर्धा चेहरा आला आणि कपाळावरचं गोंदण आलं. तो मित्रांच्या ग्रुपवर गेला, तिथून आणखी कुठे, आणि दुसऱ्या दिवशी तिच्या मामाच्या मोबाईलवर. मुलगी वाचली. पण त्या घराने गावात तोंड दाखवणं बंद केलं. आमच्या भागात गोंदणावरून माणूस ओळखू येतं, बांगड्यांवरून येतं, लुगड्याच्या काठावरून येतं. नुसते डोळे झाकून भागत नाही. परवानगी त्या माणसाच्या भाषेत विचारायची, केसपेपरवर लिहायची, जखम किंवा चट्टा तेवढाच घ्यायचा, आणि फोटो स्वतःच्या गॅलरीत ठेवायचा नाही, कारण आजकालचे फोन सगळं आपोआप वर चढवून ठेवतात. कॉलेजने हे पहिल्या वर्षीच, ॲप्रन देतानाच शिकवायला हवं. इथे मात्र नियम कडकच हवेत.

आता मोबाईल चुकवतो कुठे, तेही सांगते. ताप आलेलं १२ किलोचं मूल. इंटर्नने फोनवर हिशेब केला: किलोला १५ मिलिग्रॅम, म्हणजे पॅरासिटामॉल १८० मिलिग्रॅम. हिशेब चोख. ॲपने पुढे सिरपही सांगितलं, ७.२ मिली. त्याने नर्सिंगच्या मुलीला सांगितलं, तिने बाटली उचलली आणि माप भरलं. मी बाटली तिच्या हातात फिरवून लेबल दाखवलं. ॲपने ५ मिलीत १२५ मिलिग्रॅम धरलं होतं. आमच्या कपाटात त्या महिन्यात २५० वाली बाटली आली होती. ३.६ मिली द्यायचं, तिथे दुप्पट जात होतं. दोघंही पांढरेफटक पडले. मी रागावले नाही. दोघांना दोन बाटल्या शेजारी ठेवून स्वतःच्या हाताने वहीत हिशेब करायला लावला. फोनने सांगितलेला आकडा आपल्या कपाटातल्या बाटलीशी ताडून घेतल्याशिवाय हात हलवायचा नाही, हे त्या मुलीला आता कुणी सांगावं लागत नाही.

फोनवरची चित्रं बहुतेक गोऱ्या माणसांची असतात, ही माझी जुनी खंत आहे. पुरळ लाल दिसतं म्हणे. आमच्या पेशंटच्या सावळ्या, उन्हाने रापलेल्या कातडीवर ते लाल दिसत नाही, काळपट दिसतं, कधी नुसतं हाताला खडबडीत लागतं. रक्त कमी आहे हे गालावरून कळत नाही. खालची पापणी ओढून, तळहात उघडून, जीभ बाहेर काढायला लावून बघावं लागतं. ऑक्सिजन कमी पडल्याचा निळेपणा ओठांपेक्षा जिभेवर शोधावा. बोटाला लावायचं ऑक्सिमीटरसुद्धा काळ्या कातडीवर खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवू शकतं. २०१८ मध्ये विदर्भात स्क्रब टायफसची, म्हणजे बारीक किड्याच्या चाव्याने येणाऱ्या तापाची साथ आली, तेव्हा मुलं फोनवर चावल्या जागी पडणाऱ्या काळ्या खपलीचा फोटो बघून यायची आणि हातापायांवर शोधून "नाही" लिहायची. ती खपली काखेत, जांघेत, कमरेच्या करदोट्याखाली लपलेली असते. कपडे काढून, आडोसा धरून बघावं लागतं. फोटो ओळखायला उपयोगी पडला, शोधायचं कुठे ते आमच्या जुन्या मावशींनी दाखवलं.

माझी मुलगी २०२० साली एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला होती. टाळेबंदीत घरी. रेंज यायची ती गावाबाहेर पाण्याच्या टाकीपाशी, तिथे स्कूटीवर बसून ती लेक्चर ऐकायची. हृदयाचे आवाज फोनच्या स्पीकरवर ऐकून "मला काहीच ऐकू येत नाही" म्हणून रडवेली व्हायची. मग तिच्या सरांनी सांगितलं की तो बारीक घुमारा फोनच्या स्पीकरमधून येतच नाही, कानात चांगले इअरफोन घाल. घातले, आणि ऐकू आलं. तेवढ्या एका सूचनेने तिचे दोन महिने वाचले. पानथरी (प्लीहा) कशी तपासायची याचे व्हिडिओ तिने पाठ केले होते. कॉलेज उघडल्यावर सिकलसेलचं, म्हणजे रक्ताच्या आनुवंशिक आजाराचं, पहिलं पोरगं तपासायला मिळालं, तर तिला पानथरी लागेना. मॅडमनी तिच्या हातावर स्वतःचा हात ठेवला, पोराला श्वास घ्यायला लावला, आणि बोटांच्या कडेला ती येऊन टेकली. हे ती अजून सांगते.

बाळाचे श्वास मोजण्याचं उदाहरण तर प्रत्येक कॉलेजने द्यावं. मुलं १५ सेकंद मोजतात आणि चारने गुणतात. तान्ह्या बाळाचा श्वास एकसारखा नसतो. घटकेत भराभर, घटकेत थांबल्यासारखा. पूर्ण एक मिनिट मोजावा लागतो. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला मिनिटाला ६० किंवा वर, दोन महिन्यांपासून वर्षापर्यंत ५०, एक ते पाच वर्षांना ४०, हे आकडे आशाताईंनाही पाठ आहेत. गडचिरोलीत शोधग्रामच्या डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने मोबाईल नव्हते त्या काळात अडाणी बायांसाठी मण्यांचं साधन आणि एका मिनिटाची वाळूची घडी केली होती. एकेका दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. गावातल्या आरोग्यदूतांनी बाळांची घरीच काळजी घेऊन किती बाळं वाचवली, ते १९९९ मध्ये लॅन्सेटमध्ये छापून आलं. त्या बायांपाशी एक मिनिट होतं आणि बाळाच्या पोटावर नजर होती. आमच्या इंटर्नना मी सांगते, तुमच्या फोनमध्ये घड्याळ आहे, ते लावा, फोन बाळाच्या पायथ्याशी ठेवा आणि नजर बाळावर ठेवा. छातीला खड्डे पडतात म्हणजे काय, ते आईची परवानगी घेऊन दहा सेकंदांचा व्हिडिओ काढून, चेहरा न घेता, हळू चालवून दाखवलं की मुलं जन्मात विसरत नाहीत.

झटके आलेल्या बाळंतिणीला मॅग्नेशियम सल्फेट देण्याचे व्हिडिओ इंटरनेटवर पुष्कळ आहेत. त्यात एक सुंदर भरलेली सिरिंज दिसते. आमच्याकडे २ मिलीचे ॲम्प्युल येतात, एकात एक ग्रॅम. पहिला डोस १४ ग्रॅमचा: ४ शिरेतून, ५ आणि ५ दोन्ही कमरेत. म्हणजे १४ ॲम्प्युल फोडायचे, बाई झटके देत असताना, काच बोटात न घुसवता. शिरेतल्यासाठी चार ॲम्प्युलच्या ८ मिलीत १२ मिली सलाईन घालून २० करायचं. एकटी मुलगी हे करू शकत नाही. एकीने फोडायचं, दुसरीने ओढायचं, तिसरीने बाईला कुशीवर धरायचं. हे आम्ही आमच्याच लेबर रूममध्ये, रिकाम्या ॲम्प्युलमध्ये पाणी भरून, माझ्या फोनवर चित्रित केलं. साडेतीन मिनिटांचं आहे. आवाज माझा, हात नर्सिंगच्या मुलींचे. नवी तुकडी आली की पहिल्या दिवशी ते बघते आणि दुसऱ्या दिवशी हाताने करते.

आणि कोलामी. आमच्या पोडांवरच्या म्हाताऱ्या माणसांना मराठी तुटक येते. दुखतं कुठे, कधीपासून, लघवी होते का, एवढं विचारायला इंटर्न हातवारे करतात. आशाताई प्रत्येक वेळी हजर नसते. मागच्या उन्हाळ्यात आमच्या एका आशाताईने, ती स्वतः कोलाम आहे, बावीस प्रश्न तिच्या आवाजात फोनवर बोलून दिले. असे प्रश्न निवडले की उत्तर मान हलवून, बोट दाखवून किंवा बोटं मोजून देता येईल. "दुखतं तिथे हात ठेवा." "किती दिवस झाले, बोटांनी दाखवा." पहिल्यांदा ते एका आजोबांना ऐकवलं, तर त्यांनी फोनलाच कोलामीत उत्तर द्यायला सुरुवात केली. सलग, खूप वेळ. इंटर्न घाबरला, त्याला काही कळेना. मी म्हटलं, बोलू द्या, थांबवू नका. बोलून झाल्यावर आजोबांनी स्वतःहून सदरा वर केला आणि बरगडीखालचा जुना व्रण दाखवला, जो ते दोन वेळा येऊन गेले तरी कुणाला दाखवला नव्हता. त्या इंटर्नने पोस्टिंग संपेपर्यंत बावीसही प्रश्न कोलामीत तोंडपाठ केले. उच्चार आशाताई सुधारून द्यायची. सेवाग्रामला, १९६९ मध्ये निघालेल्या त्या कॉलेजात, प्रत्येक तुकडी एक गाव घेते. आता तर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने सगळ्याच एमबीबीएसच्या मुलांना गावातली कुटुंबं दत्तक घ्यायला लावली आहेत. पण मी पाहते ते हे, की मुलं दारात उभी राहून फोनवर फॉर्म भरतात, रकाने पूर्ण करतात आणि निघतात. तोच फोन त्या घरातली भाषा शिकायला वापरता येतो.

फोन फक्त आमच्याच हातात आहे असंही नाही. २०१७ च्या फवारणीच्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात वीसेक शेतकरी-शेतमजूर विषबाधेने गेले, शेकडो भरती झाले. ते दिवस मी विसरू शकत नाही. कोणतं औषध फवारलं विचारलं की, "कपाशीवरचं", एवढंच उत्तर. दोन-तीन औषधं एकत्र कालवलेली असायची. आता मी नातेवाइकाला आधी विचारते, डबी आणली का? नसेल तर घरी फोन लावा आणि डबीचा फोटो मागवा. तो फोटो मोठा करून इंटर्नला दाखवते: हा रंगीत त्रिकोण, लाल असेल तर सर्वांत जहाल; हे औषधाचं नाव; आणि खाली बारीक अक्षरात उताऱ्याची सूचना. डबीवर हे छापलेलं असतं हे डॉक्टर होऊ घातलेल्या मुलांना माहीत नसतं. ॲट्रोपीन हा उतारा कुणाला द्यायचा आणि कुणाला नाही, हे त्या डबीपासून आणि पेशंटच्या बाहुल्यांपासून सुरू होतं.

माझं मागणं फार मोठं नाही. २०१९ च्या तुकडीपासून एमबीबीएसचा अभ्यासक्रम बदलला. मुलांनी स्वतः शिकावं, हाताने करावं, यावर भर आला. मग ज्या साधनावर ते शिकतात ते वॉर्डात कसं वापरायचं, हे त्यांना कुणी तरी शिकवायला नको का? राउंड संपल्यावर दहा मिनिटं शिक्षकाने मुलांबरोबर बसावं. आज जो पेशंट पाहिला त्याबद्दल फोनवर काय सापडलं, ते आपल्या पेशंटशी जुळतं का, हे बोलावं. आमच्या एमओ मॅडम हे चहाच्या वेळेत करतात.

दुसरं, आमच्यासारख्या रुग्णालयात रेंजवर विसंबून चालत नाही. मॅडमनी स्वतःचा जुना टॅब दिला आहे. त्यात सर्पदंश, विषबाधा, बाळंतपणातला रक्तस्राव, झटके, बाळाला श्वास देणं, सिकलसेलच्या दुखण्याची लाट, एवढं उतरवून ठेवलंय. तो लेबर रूमच्या भिंतीला साखळीने अडकवलेला असतो, चार्जर शेजारी. जिल्हा शल्यचिकित्सकांनी आणि मेडिकल कॉलेजांनी मिळून प्रत्येक ग्रामीण रुग्णालयाला असा एक टॅब द्यावा, आणि त्यातल्या सूचना दरवर्षी कुणीतरी जबाबदारीने बदलाव्यात, कारण जुना डोस सांगणारी फाईल नसलेल्या फाईलपेक्षा वाईट. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाने मनावर घेतलं तर मराठीतून असे लहान व्हिडिओ सहज होतील.

तिसरं नर्सिंगच्या मुलींसाठी. त्यातल्या कितीतरी आदिवासी, भूमिहीन घरांतल्या आहेत. दोघींत एक फोन, त्याची काच तडकलेली, रिचार्ज महिन्यातले दहा दिवस संपलेलं. मोबाईलवर शिका म्हणून सांगणाऱ्यांनी त्या मुलींकडे बघून सांगावं. होस्टेलला वायफाय आणि वाचायला दोन टॅब, एवढं मिळालं तरी त्या कुणाच्या मागे राहणार नाहीत. मी त्यांना रात्री माझ्या फोनवर बसवते, पण माझी ड्यूटी असते तेवढेच दिवस.

त्या ज्येष्ठ डॉक्टरांना माझी विनंती आहे, त्यांनी एकदा आमच्या वॉर्डात यावं. मुलांचा फोन खिशात असेल, आणि ते पेशंटशी कसे बोलतात ते स्वतः बघावं. काही चुकत असेल तर त्यांनी सांगितलेलं आम्ही ऐकू.

आशाताईंच्या परवानगीने ते कोलामी प्रश्नांचं रेकॉर्डिंग आणि मॅग्नेशियम सल्फेटचा व्हिडिओ मी एका मेमरी कार्डावर भरून ठेवला आहे. ज्या रुग्णालयाला किंवा कॉलेजला हवा असेल त्यांनी आपल्या कार्यालयामार्फत कळवावं, मी पाठवून देईन. मेळघाटात कुणी कोरकूत किंवा गडचिरोलीकडे गोंडी-माडियात असे प्रश्न बोलून ठेवले असतील, तर ते आम्हालाही पाठवा. गोंडी बोलणारे पेशंट आमच्याकडेही येतात. इंटर्नची पुढची तुकडी एक तारखेला येते आहे.

आपली,
एक परिसेविका
ग्रामीण रुग्णालय, जि. यवतमाळ

(शासकीय सेवेत असल्याने नाव छापू नये, ही विनंती.)